चौकोनातली खूण

२०१२ सालचा मे महिना. रात्री साडेदहाच्या सुमारास इंग्लंडहून माझ्या मामेभावाचा फोन आला. घरात आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. वयानं माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील, म्हणजे आमचे मोठे मामू, जहाजावर खलाशी होते. आमच्या खाडीकाठच्या गावातली निम्मी घरं त्या काळी जहाजावरच्या पगारावर चालत. मामूंनी पुढं लँकेशायरमधल्या एका गिरणगावात बिऱ्हाड केलं आणि भाईंनाही तिकडं बोलावून घेतलं. भाईंनी आधी कापडगिरणीत रात्रपाळ्या केल्या, गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी घेतली. म्हातारपणी मामू गावी परतले, भाई तिथंच राहिले.

ख्यालीखुशाली झाल्यावर भाई म्हणाले, "माडीवर बाबांची पत्र्याची पेटी आहे ना, ती जरा उघडशील का? तीत कौलांचा हिशेब असेल. त्याच्याबरोबर बँकेचा एक कागद आहे. अठ्ठ्याण्णव सालचा. तो मला हवाय."

चौदा वर्षांपूर्वीचा कागद, तोही फिटलेल्या कर्जाचा! पण भाई विनाकारण काही मागणारे नव्हेत. १९९८ साली त्यांनी ६,००० पौंडांचं कर्ज काढलं होतं. थोडे पैसे मुलीच्या लग्नाला आणि बाकीचे गावच्या घराच्या छपराला. त्या हिवाळ्यात ते आले तेव्हा हे पैसे आपल्याला काय भावानं पडले, ते वडिलांना दाखवण्यासाठी त्यांनी कराराचा कागद बरोबर आणला होता. मामूंना कुठलाही कागद टाकून देणं माहीत नव्हतं. त्यांनी तो पेटीत ठेवून दिला.

रविवारी गावी गेलो. पेटीच्या तळाला वाळवी लागली होती. मामूंचं जहाजावरचं जुनं सर्टिफिकेट अर्धं खाल्लेलं. पण बँकेचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, म्हणून वाचला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, बँकेच्या इंग्रजीशी माझं फारसं जमत नाही. तरी आकडे कळत होते. कर्ज ६,००० पौंड. त्याखाली आणखी एक रक्कम, १,२०० पौंड. बेरीज ७,२०० पौंड. मुदत पाच वर्षं. मधल्या रकमेसमोर एक छोटा चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण. मी कागद उजेडाकडं धरला. खूण यंत्रानं छापलेली होती. खालची सही मात्र निळ्या शाईची, भाईंची.

फोनवर मी हे त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खूण मी केलेली नाही. पण सही माझीच आहे ना रे."

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो सगळा विषय भाईंच्या या दोन वाक्यांत आहे. सही केलेल्या माणसाला तक्रार करायचा हक्क उरतो का? इंग्लंडमध्ये या प्रश्नावर पंधरा वर्षं झगडा चालला. बँका, सरकारी नियामक, न्यायालयं आणि लाखो साधे कर्जदार त्यात गुंतले होते. आपल्याकडं त्याची बातमी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांच्या कोपऱ्यात येऊन गेली असेल.

त्या मधल्या रकमेचं नाव होतं पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. तिकडं सगळे त्याला पीपीआय म्हणत. आपण हप्त्याचा विमा म्हणू. कर्ज घेतलेला माणूस आजारी पडला, अपघात झाला, नोकरी गेली, तर ठरावीक काळ त्याचे हप्ते विमा कंपनी भरणार. कल्पनेत काही खोट नव्हती. हातावर पोट असलेल्या माणसाला अशा आधाराची गरज असतेच. खोट होती ती विक्रीत. बँकेच्या काउंटरवर कर्ज मागायला आलेला माणूस मुळात अडलेला असतो. त्याचं सगळं लक्ष 'मंजूर' या एका शब्दाकडं लागलेलं असतं. अशा वेळी त्याला सांगितलं जाई, विमा घेतलात तर कर्ज मिळायला सोपं जाईल. कुणाला सांगितलं जाई की तो सक्तीचाच आहे. कुणाला काहीच सांगितलं जात नसे, नुसती खूण छापलेली असे. काउंटरमागच्या कारकुनालाही मी फार दोष देणार नाही. किती विमे विकले यावर त्याचा बोनस आणि कित्येकदा नोकरी ठरत होती.

आता भाईंचंच उदाहरण घ्या. ते स्वतःची टॅक्सी चालवत. नोकरी जाणार कुठून, नोकरीच नव्हती! स्वतःचा धंदा असणाऱ्याला बहुतेक पॉलिसींत बेकारीची भरपाई मिळतच नसे, किंवा धंदा कायमचा बंद झाल्याचं सिद्ध करावं लागे. आजाराचं म्हणाल तर विमा घेण्याआधीपासूनचं दुखणं त्यात धरत नसत. शिवाय पाठदुखी आणि मानसिक ताण अनेक पॉलिसींतून वगळलेले असत. टॅक्सीवाल्याला आजार होणार तो पाठीचा. म्हणजे भाईंनी विकत घेतलेली छत्री नेमकी पावसातच न उघडणारी होती. निवृत्त माणसं, विद्यार्थी, सगळ्यांना हाच विमा विकला गेला. कर्ज, क्रेडिट कार्ड, घराचं गहाण, दुकानातली उधारीची कार्डं, असा सगळीकडं तो चिकटलेला असे. १९७०च्या दशकापासून हा प्रकार होता, पण भर आला तो १९९० ते २०१० या वीस वर्षांत. एकूण ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या असाव्यात, असं तिथल्या नियामकानं म्हटलं आहे. एवढी तर तिथली लोकसंख्या!

त्यातला सगळ्यात कपटी प्रकार एकरकमी हप्त्याचा. तो जरा उलगडून सांगतो, कारण मला स्वतःला तो समजायला दोन संध्याकाळी लागल्या. विम्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला घेत नसत. पाचही वर्षांचा आकार पहिल्याच दिवशी कर्जात मिळवत आणि मग त्या सगळ्यावर व्याज लावत. भाईंचे १,२०० पौंड असे कर्जात गेले. बारा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर पाच वर्षांत त्या विम्यापायी त्यांनी १,६०० पौंड भरले, महिन्याला साधारण पावणेसत्तावीस. विमाही उधारीवर आणि त्या उधारीवरही व्याज. शिवाय कर्ज मुदतीआधी फेडलं, तर विम्याच्या रकमेतला थोडकाच भाग परत मिळे.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो सरकारातून नव्हे, संसदेतूनही नव्हे. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस नावाची तिथं एक संस्था आहे. १९३९च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात तिची पहिली केंद्रं उघडली. रेशन, हरवलेली कागदपत्रं, घरभाडं अशा अडचणींत माणसांना फुकट सल्ला द्यायचा, हे तिचं काम. पुष्कळसे कार्यकर्ते बिनपगारी. गावोगावच्या या केंद्रांत कर्जबाजारी माणसं पिशवीत कागद घालून येत आणि टेबलावर रिकामी करत. त्या कागदांत पुन्हा पुन्हा हाच विमा निघू लागला. ज्याची नोकरी गेली त्याला पैसे मिळाले नव्हते आणि ज्याला मिळणं शक्यच नव्हतं त्यालाही तो विकलेला होता. २००५ सालच्या सप्टेंबरात संस्थेनं ही प्रकरणं एकत्र करून तक्रार केली. तिथल्या २००२च्या कायद्यानं काही मान्यताप्राप्त ग्राहकसंस्थांना 'सुपर-कम्प्लेंट' करायचा अधिकार दिला आहे. एखाद्या बाजारपेठेची रचनाच ग्राहकाच्या मुळावर आली असेल तर ही तक्रार करता येते आणि सरकारी खात्याला नव्वद दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. असा कायदा आपल्याकडं असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

पुढची काही वर्षं चौकश्यांची. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगनं २००७ साली हे प्रकरण कॉम्पिटिशन कमिशनकडं सोपवलं. कमिशननं २००९च्या जानेवारीत निष्कर्ष काढला, तो साधा आणि नेमका होता. कर्ज देताना त्याच टेबलावर विमा विकायचाच नाही. मध्ये निदान सात दिवस जाऊ द्यायचे. माणूस घरी गेला, जेवला, झोपला की त्याला कळतं आपल्याला काय हवं आणि काय नको. या बंदीविरुद्धही एक बँक लवादाकडं गेली, मुद्दा फेरविचाराला परत आला आणि प्रत्यक्ष बंदी अमलात यायला २०१२ साल उजाडलं. मधल्या काळात फायनान्शियल सर्व्हिसेस अथॉरिटी या नियामकानं दंड सुरू केले होते. २००८च्या ऑक्टोबरात अलायन्स अँड लेस्टर या बँकेला ७० लाख पौंडांचा दंड झाला. विनातारण वैयक्तिक कर्जावरचा तो एकरकमी हप्ता २००९ साली बंद झाला.

पण विक्री बंद झाली म्हणून आधी घेतलेले पैसे परत येत नाहीत. पैसे परत मागायचे तर एकेका माणसानं पत्र लिहायचं. मार्टिन लुईस नावाचा एक पत्रकार तिथं साध्या माणसाला पैशांच्या गोष्टी समजावून सांगण्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्यानं अशा पत्रांचे नमुने फुकट उपलब्ध करून दिले. नाव, खाते क्रमांक घाला आणि पाठवा. बँकेनं नाही म्हटलं तर फायनान्शियल ओम्बुड्समन, म्हणजे आर्थिक व्यवहारांचा लोकपाल, विनाशुल्क निवाडा करणार. पत्रं येऊ लागली, बँका ती फेटाळू लागल्या, लोकपालाकडं ढीग साचू लागला.

२०१०च्या ऑगस्टमध्ये नियामकानं तक्रारी कशा हाताळायच्या याचे नियम जाहीर केले आणि ते जुन्या विक्रीलाही लावले. ज्यांनी तक्रार केलेली नाही अशा ग्राहकांचाही बँकेनं विचार करावा, असंही त्यात होतं. तेव्हा ब्रिटिश बँकर्स असोसिएशन, म्हणजे बँकांची संघटना, उच्च न्यायालयात गेली. बँकांचा युक्तिवाद मला, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाचला तेव्हा पटण्यासारखा वाटला. त्या वेळी विक्रीचे जे तपशीलवार नियम होते ते आम्ही पाळले, असं त्यांचं म्हणणं. आता तुम्ही तुमच्या तत्त्वांच्या यादीतलं 'ग्राहकाला न्यायानं वागवा' हे मोघम वाक्य काढता आणि त्याच्या जोरावर नवी कर्तव्यं आमच्या माथी मारता. खेळ संपल्यावर नियम बदलण्यासारखं हे झालं.

न्यायमूर्ती औसली यांनी २० एप्रिल २०११ रोजी निकाल दिला आणि बँकांची याचिका फेटाळली. त्यांच्या निकालाचं सार असं की, तत्त्वं ही नियमांची पुरवणी नव्हे. नियम तत्त्वांच्या पोटातून येतात. नियम पाळला म्हणून तत्त्व आपोआप पाळलं गेलं, असं होत नाही. मी कवितेत रमणारा माणूस, निकालपत्रांच्या वाटेला सहसा जात नाही. पण या मुद्द्यापाशी मी थांबलो. वृत्तात एकही मात्रा चुकलेली नाही आणि तरी कविता खोटी आहे, असं कितीदा तरी होतं. बँकेच्या कराराबद्दल एक न्यायाधीश जवळपास तेच म्हणत होते.

त्यानंतर बांध फुटला. ५ मे रोजी लॉइड्सनं वेगळी वाट धरली आणि भरपाईसाठी ३२० कोटी पौंड बाजूला काढले. ९ मे रोजी संघटनेनं जाहीर केलं की आम्ही अपील करणार नाही. बाकीच्या बँकांनीही रकमा जाहीर केल्या. त्या वेळी हे आकडे प्रचंड वाटले होते. पुढं एकट्या लॉइड्सचा आकडा २,१९० कोटी पौंडांवर गेला! लोकपालाच्या कचेरीत २०१२-१३ या एका वर्षात या विम्याच्या पावणेचार लाखांहून अधिक तक्रारी आल्या.

भाईंचा फोन आला तो या पुराच्या ऐन भरात. टॅक्सीच्या अड्ड्यावर सगळे याच गोष्टी करत होते. कुणाला दोन हजार मिळाले, कुणाला पाच. भाई मात्र महिनाभर घुटमळत राहिले. अडचण होती सहीची. मामूंनी आयुष्यात ज्या कागदावर अंगठा उठवला त्या कागदाला ते जागले. आमच्या घरात सही म्हणजे शब्द, आणि दिलेला शब्द फिरवायचा नसतो. भाई मला म्हणाले, "कर्ज घेतलं, फेडलं. आता चौदा वर्षांनी जाऊन म्हणू की मला फसवलं? लोक म्हणतील, सही करताना डोळे मिटले होते काय?"

हा संकोच एकट्या भाईंचा नव्हता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली वस्तू इतकी वर्षं खपली, तिच्यामागं ही शरमही होती. फसलेला माणूस आधी स्वतःलाच दोष देतो. परदेशातून येऊन वसलेला माणूस तर जास्तच. त्याला सतत वाटत असतं की आपल्या इंग्रजीचीच काही चूक झाली असेल.

थोरल्या मुलाचं मत होतं की एखाद्या कंपनीला काम देऊन टाकावं. तोवर तिथं अशा कंपन्यांचं पेव फुटलं होतं. फोन, चिठ्ठ्या, मोबाइलवर संदेश. 'तुमचा पीपीआय होता का?' हे वाक्य त्या देशात विनोदाचा विषय झालं होतं. या कंपन्या मिळालेल्या रकमेतले पंचवीस-तीस टक्के, वर कर, एवढं कापून घेत. काम काय, तर तेच फुकट मिळणारं पत्र भरून पाठवायचं. २०११ ते २०१५ या काळात या मध्यस्थांच्या खिशात ३८० ते ५०० कोटी पौंड गेले असावेत, असा तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. अन्यायाच्या निवारणाचाही असा धंदा झाला. कायद्यानं त्यांच्या दलालीवर वीस टक्क्यांची मर्यादा घातली ती २०१८ साली, तोवर बहुतेकांची कापणी उरकली होती.

भाईंनी कंपनी नको म्हटलं. नातीनं पत्राचा नमुना छापून दिला, भाईंनी तो भरला आणि मी पोस्टानं पाठवलेल्या कागदाची प्रत जोडली. ऑगस्टमध्ये बँकेचं उत्तर आलं. करारावर आपली सही आहे, सबब दावा अमान्य. नेमकं जे भाई स्वतःला सांगत होते तेच बँकेनं छापून पाठवलं! आणि गंमत अशी की, त्या उत्तरानं भाईंचा संकोच संपला. ते म्हणाले, "मी स्वतःला म्हटलं तर वेगळी गोष्ट. यांनी म्हणायचं?" प्रकरण लोकपालाकडं गेलं. नंबर लागायला दीड वर्ष गेलं. लोकपालाकडून प्रश्न आले ते असे: तुमचा व्यवसाय काय होता? तो बँकेला माहीत होता का? पाठीचं दुखणं कधीपासून? विमा ऐच्छिक आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? सहीबद्दल एकही प्रश्न नव्हता. सही तर दिसतच होती. प्रश्न होता, ती करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय ते कळावं अशी व्यवस्था होती का, हा.

२०१४च्या सुरुवातीला निर्णय भाईंच्या बाजूनं लागला. अशा प्रकरणांत विम्यापोटी घेतलेली रक्कम, तिच्यावर लावलेलं व्याज आणि त्या पैशांना माणूस जितकी वर्षं मुकला तितक्या वर्षांचं आठ टक्के सरळव्याज, असा हिशेब असे. आठ टक्क्यांवरचा आयकर कापून भाईंच्या हातात जवळजवळ तीन हजार पौंड आले. आपले त्या वेळचे तीनेक लाख रुपये.

आता घरात नवाच पेच पडला. ते आठ टक्के घ्यायचे की नाही? व्याज घेणं आमच्यात वर्ज्य. भाई दोन दिवस विचारात. शेवटी भाभी म्हणाल्या, "पाच वर्षं व्याज भरलंत तेव्हा कुणाला विचारायला गेला नाहीत. आता घ्यायच्या वेळी बरे मसले सुचतात!" त्यावर भाईंना उत्तर सुचलं नाही. पण व्याजाचा भाग त्यांनी घरात ठेवला नाही. तो गावच्या उर्दू शाळेच्या पाण्याच्या टाकीला आला. ती टाकी आजही आहे. तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

त्याच वर्षी, १२ नोव्हेंबर २०१४ रोजी, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. तो प्लेविन खटला म्हणून ओळखला जातो. एक विधवा प्राध्यापिका. २००६ साली दारात पडलेलं जाहिरातीचं पत्रक पाहून तिनं ३४,००० पौंडांचं कर्ज काढलं. त्यात विम्याचे ५,७८० पौंड मिळवलेले. कर्ज दहा वर्षांचं, विमा पाचच वर्षांचा. खटल्यात बाहेर आलं की या ५,७८० पौंडांपैकी १,८७० मध्यस्थानं ठेवले, २,२८० कर्ज देणाऱ्या कंपनीनं ठेवले आणि विमा कंपनीकडं गेले फक्त १,६३०. म्हणजे शंभरातले जवळपास बहात्तर कमिशनचे! कमिशन दिलं जातं एवढं तिला पत्रकातून कळलं होतं. किती आणि कुणाला, ते नाही. ते सांगायलाच हवं असा त्या वेळी नियमही नव्हता. कंपनी त्याच्यावरच बोट ठेवत होती. लॉर्ड सम्प्शन यांनी लिहिलेल्या निकालात तरीही म्हटलं गेलं की, हे संबंध अन्याय्य होते. बहात्तर टक्के तिसऱ्याच्याच खिशात जातात हे कळलं असतं, तर कुठल्या शहाण्या माणसानं न विचारता सही केली असती? नियम मोडलेला नाही आणि तरी अन्याय झालेला आहे, हे न्यायालयानं पुन्हा एकदा सांगितलं. यानंतर नव्या नियामकानं, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीनं, पन्नास टक्क्यांची रेघ ओढली. कमिशन त्याहून जास्त आणि ते लपवलेलं असेल, तर विमा योग्य रीतीनं विकलेला असला तरी वरचे पैसे परत.

मग प्रश्न आला की हे थांबवायचं कधी? शेवटची तारीख ठरली २९ ऑगस्ट २०१९. लोकांना ती कळावी म्हणून बँकांच्या खर्चानं दोन वर्षं जाहिराती झाल्या. त्यात हॉलिवूडचा नट आर्नोल्ड श्वार्झनेगर याचं बोलणारं यांत्रिक डोकं होतं. ते दुकानात, रस्त्यात लोकांच्या अंगावर ओरडायचं, निर्णय घ्या, लवकर घ्या. भाईंना ती जाहिरात मुळीच आवडत नसे. त्यांच्या मते, विकताना गोड आवाजात विकलं आणि परत देताना ओरडतात. शेवटच्या आठवड्यांत अर्जांचा महापूर आला. सगळा हिशेब संपला तेव्हा ३ कोटी २४ लाखांहून अधिक तक्रारी झाल्या होत्या आणि २०११पासून ३,८०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम लोकांना परत गेली होती. तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल मधल्या काळात पुन्हा दंड झाले. २०१५ साली लॉइड्सला ११ कोटी ७० लाख पौंडांचा. प्लेविन निकालाचा धागा तर अजून तुटलेला नाही. मोटारींच्या कर्जातल्या छुप्या कमिशनच्या प्रश्नावर २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बरेचसे मुद्दे कर्ज देणाऱ्यांच्या बाजूनं गेले, पण एका ग्राहकाला त्याच 'अन्याय्य संबंधा'च्या कलमाखाली न्याय मिळाला.

पेटी उघडली त्या रात्री शहरात परत आल्यावर मी माझ्या स्वतःच्या गृहकर्जाची फाइल काढली होती, हेही सांगून टाकतो. तीत एका ओळीत विम्याची रक्कम होती. कर्जातच मिळवलेली. तो विमा वाईट होता असं मी म्हणत नाही, मला त्याची तक्रारही नव्हती. पण तो मी मागितला होता का, हे मला काही केल्या आठवेना. चौकोनातली खूणही छापीलच होती.

भाईंचं आणखी एक कर्ज होतं. १९९४ सालचं, लहानसं, फर्निचरच्या दुकानाच्या कार्डावरचं. २०१९च्या जूनमध्ये त्यांनी मला पुन्हा फोन केला. पेटीत त्याचा काही कागद आहे का, पाहा. मी सगळी पेटी ओट्यावर रिकामी केली. कौलांच्या पावत्या होत्या, मामूंची पत्रं होती, रेशनकार्ड होतं. तो कागद नव्हता. भाईंनी कागदाविनाच अर्ज केला, कारण तसं करायला परवानगी होती. उत्तर आलं की, आमच्याकडं इतकी जुनी नोंद उपलब्ध नाही. विमा होता की नव्हता, हे आता कुणालाच माहीत नाही. मामूंना असतं, पण मामू जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी पेटी पुन्हा भरली आणि माडीवर नेऊन ठेवली. या वेळी सगळेच कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले.